आम्हाला हरवायला कुणी येईना

शनिवारी संध्याकाळी आमच्या जावयाशी बोलायची सोय नाही. तो मूळचा नागपूरचा, शिकला अमेरिकेत, नोकरीला इकडं इंग्लंडात मेडनहेडला आणि जीव अजून त्या अमेरिकेतल्या कॉलेजात. त्या कॉलेजची फुटबॉलची मॅच इथं चहाच्या वेळेला लागते. फुटबॉल आपलं म्हणायचं. पायाला बॉल लागतो तो कधीतरी, वाट चुकल्यासारखा. बाकी वेळ टोप घातलेली दांडगी पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात, उठतात, आणि मग जाहिरात लागते.

आमची ही गेल्यापासून दर शनिवारी लेक मला स्लाऊहून मेडनहेडला घेऊन जाते. "बाबा, एकटे काय कराल?" म्हणते. मी घरी एकटा बसून जे करतो तेच तिथं तिघांत बसून करतो. पण लेकीला कोण सांगणार.

त्या दिवशी जावयाचं कॉलेज छप्पन्न, समोरचं शून्य, आणि अजून अर्धी मॅच बाकी होती.

मी विचारलं, "समोरचे कोण?"

"आमच्याच स्टेटमधलं लहान कॉलेज आहे, बाबा. चाळीस मैलांवरचं."

"त्यांना बोलावलं कुणी?"

"आम्हीच बोलावलं नं."

"मारायला?"

"मारायला नाही हो. सीझनच्या सुरुवातीला एक सोपी मॅच पाहिजे असते. मग काहून दूरचा दुबळा आणायचा? घरचाच बरा. त्यांच्या पोरांना पण एवढं मोठं स्टेडियम मिळतं. नातवंडांना सांगतील, आम्ही तिथं खेळलो म्हणून."

"नातवंडं विचारतील किती झाले, तेव्हा?"

जावई हसला. म्हणाला, यावर तिकडं दरवर्षी भांडणं होतात. मोठ्यांनी आपल्याच राज्यातल्या दुबळ्यांशी खेळावं की नाही? निम्मे म्हणतात, यात काय मर्दुमकी. निम्मे म्हणतात, शेजारधर्म आहे. मी सातवी शिकलेला माणूस, पण निकाल द्यायला मला वेळ लागत नाही. मी म्हणालो, "बोलावून मारायचं आणि वर त्याला शेजारधर्म म्हणायचं? लाज नाही वाटत? मोठ्यानं मोठ्याशी खेळावं. संपलं."

तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज आला.

आता आधी हे सांगायला पाहिजे की मी स्वतः फुटबॉलपटू आहे. गोलकीपर. वय शहात्तर. आमचा फुटबॉल म्हणजे वॉकिंग फुटबॉल, म्हाताऱ्यांचा. एका बाजूला सहा जण, आणि नियम एकच महत्त्वाचा: पळायचं नाही. पळला की रेफरीची शिट्टी. आमच्या स्लाऊच्या टीमवर पळण्याबद्दल आजपर्यंत एकदाही शिट्टी वाजलेली नाही. आमचा सेंटर फॉरवर्ड जन्मभर बस चालवून रिटायर झालेला, दोन्ही गुडघे नवे बसवलेले. तो बॉलपर्यंत पोचेतो बॉलच कंटाळतो.

दर गुरुवारी सकाळी लेझर सेंटरच्या, म्हणजे गावच्या क्रीडा संकुलाच्या, मैदानावर आम्ही भेटतो. वर्षाकाठी दोन टीमांशी मॅच असायच्या, एक स्टॅनमोर, एक मेडनहेड. स्टॅनमोरवाल्यांनी आदल्या वर्षीच अंग काढून घेतलं. लांब पडतं म्हणाले. आधी पाच वर्षं लांब पडत नव्हतं. राहिलं मेडनहेड. मेडनहेड म्हणजे आमच्या बर्कशरमधली सगळ्यात तगडी टीम. त्यांचा कॅप्टन पुण्याचा. फायनान्समधून रिटायर झालेला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, सॉक्सलासुद्धा इस्त्री. मेसेज त्याचाच होता.

"सप्रेम नमस्कार. आमच्या कमिटीने असे ठरविले आहे की पुढील सीझनपासून केवळ तुल्यबळ संघांशीच सामने ठेवावेत. येत्या गुरुवारचा आपला सामना अखेरचा समजावा. कळावे."

मी जावयाला विचारलं, "तुल्यबळ म्हणजे काय?"

तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "आपल्याएवढा तगडा."

म्हणजे दोन मिनिटांपूर्वी मीच दिलेला निकाल, माझ्याच फोनवर, शुद्ध मराठीत.

लेझर सेंटरच्या बाईनं आम्हाला आधीच बजावून ठेवलं होतं. वर्षात एकही मॅच नसेल तर ती टीम धरली जाणार नाही आणि गुरुवारची वेळ पिकलबॉलला जाईल. पिकलबॉल म्हणजे टेबल टेनिसच्या मोठ्या बॅटनं खेळायचं टेनिस. पिकलबॉलवाल्या बायका कुंपणापलीकडून आमच्याकडं बघत उभ्याच असतात, आजाऱ्याच्या खाटेभोवती नातेवाईक उभे राहतात तशा.

गुरुवार गेला तर माझ्या आठवड्यात उरतं काय? सोमवारी कचऱ्याचं बिन बाहेर ठेवायचं. मंगळवारी गोळ्या आणायच्या. शनिवारी हे कॉलेज. बाकीचे दिवस मी हिच्या खुर्चीसमोर बसून असतो. खुर्ची काही बोलत नाही. ती असतानाही मीच गप्प असायचो, बोलायची ती. आता दोघंही गप्प म्हटल्यावर घरात फ्रिजचाच तेवढा आवाज.

मी तिथल्या तिथं पुणेकराला फोन लावला. म्हणालो, "शेजारधर्म आहे का नाही काही? एकाच काउंटीतले आपण. तगड्यांनी दुबळ्यांना धरून राहायला पाहिजे." जावयानं टीव्हीचा आवाज बंद करून माझ्याकडं बघितलं. बघू दे.

"काका," पुणेकर म्हणाला, "पूर्वी तुम्ही बरे खेळत होतात. दोन-शून्य, तीन-एक. एकदा तर बरोबरीत सुटलो. गेल्या वर्षी दोनदा आलो, दोन्ही वेळा चौदा-शून्य. अहो, चौदा गोल चालत चालत मारायचे म्हणजे आमचेच पाय दुखतात."

"एवढा कशाला मार खायचा... म्हणजे द्यायचा? कमी मारा."

"ते आमच्या तत्त्वात बसत नाही," म्हणाला आणि फोन ठेवला.

जावयाला मात्र जोर आला. पोटात दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर विचारतो, तसा विचारायला लागला. प्लेअर बदलले का? नाही, तेच सहा. कोणाला लागलं? आम्हाला सगळ्यांना सगळीकडं आधीपासूनच लागलंय. कोच गेला का? कोच नव्हताच कधी. मेडनहेडनं नवीन माणसं घेतली? नाही, तीच.

"मग तीन-एकचे चौदा-शून्य कसे झाले, बाबा? काहीतरी बदललं असेल नं."

किचनमधून लेक म्हणाली, "आई त्यांना खायला द्यायची ना. मॅचच्या आधी."

जावयानं टीव्हीच बंद केला.

इंग्लंडात रीत अशी की मॅच झाल्यावर चहा-बिस्किट. हिला ते कधी पटलं नाही. "दारात आलेल्या माणसांना उपाशीपोटी खेळायला लावायचं? आणि खेळून दमल्यावर मग विचारायचं? ही कुठली पद्धत?" असं म्हणून ती सकाळीच लेझर सेंटरच्या किचनमध्ये तवा घेऊन उभी राहायची. थालीपीठ. भाजणी घरची, वरून लोण्याचा गोळा. आणि नुसतं वाढून थांबणारी बाई नव्हती ती. इंग्रजी तिला चार वाक्यं यायची, त्यातली तीन आग्रहाची. मेडनहेडचा फुल बॅक एक उंच गोरा, रिटायर्ड पोस्टमन. त्यानं 'नो थँक यू' म्हटलं की ही म्हणायची, "स्मॉल वन," आणि ताटाएवढं थालीपीठ त्याच्या बशीत. एकदा त्यानं सात खाल्ली. मग मैदानावर आमच्या गोलपाशी आला आणि खांबाला टेकून उभा राहिला तो शेवटपर्यंत. मला वाटलं होतं, मला घाबरला.

आम्ही म्हणजे आमची टीम खात नव्हतो. पाहुणे उठल्याशिवाय आम्हाला वाढायचं नाही असा हिचा दंडक. पाहुणे उठायचे ते थेट मैदानात. म्हणून आम्ही रिकाम्या पोटानं खेळायचो आणि ते भरल्या. सहा वर्षं. तीन-एक, दोन-शून्य, एकदा बरोबरी. आम्हाला डिफेन्स नव्हताच कधी. डिफेन्स किचनमध्ये उभा होता, हातात उलथनं घेऊन.

आणि मी सहा वर्षं दर मॅचनंतर घरी येऊन हिला माझ्या गोलकीपिंगबद्दल सांगत होतो. ती ऐकून घ्यायची. "हो का," म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी बस ड्रायव्हरला गाठलं, सगळं सांगितलं आणि म्हटलं, गुरुवारी आपण थालीपीठं घालू त्यांना. स्कोअर खाली आला की पुणेकर विचार बदलेल.

"पण मुद्दाम खायला घालून जड करायचं, ही चीटिंग नाही का रे?" मीच शंका काढली.

"वहिनी चीटिंग करत होत्या म्हणतोस? तोंड सांभाळ."

"तिला ठाऊक नव्हतं."

"मग तुलाही ठाऊक नाही. गप तवा काढ."

हिच्या हातची भाजणी अजून डब्यात होती. तिनं केलेली शेवटची. डब्यावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी. चौदा महिने मी त्या डब्याला हात लावला नव्हता. आता लावला, कारण मला वाटलं, तिचं पीठ आहे म्हटल्यावर पुढचं तेच सांभाळून घेईल. भाजणीला मुदत असते हे मला शहात्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं हे जास्त खरं.

गुरुवारी सकाळी आम्ही सहा म्हातारे त्या किचनमध्ये. एकानं कांदा चिरला आणि तो रडतोय म्हणून दुसरा त्याची समजूत काढायला लागला. पीठ पातळ झालं म्हणून पीठ घातलं, घट्ट झालं म्हणून पाणी घातलं, असं करता करता भाजणी संपली. पहिलं थालीपीठ तव्याला चिकटलं. दुसरं पहिल्याला चिकटलं. बस ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी मधे भोक पाडायच्या." मी भोक पाडलं. त्या भोकातून जो धूर निघाला तो थेट छतापर्यंत गेला आणि सगळ्या इमारतीचा फायर अलार्म वाजला.

नियम म्हणजे नियम. सगळी इमारत कार पार्कमध्ये. योगावाले, पोहणारी माणसं टॉवेल गुंडाळून, पिकलबॉलवाल्या बायका, आणि नुकतीच मिनीबसमधून उतरलेली मेडनहेडची टीम. त्यात मी ताट घेऊन उभा, ताटात चार थालीपीठं. उरलेली म्हणा, वाचलेली म्हणा.

पुणेकरानं एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चावायचा थांबला. खिशातून टिश्यू काढला, पाठ फिरवली, परत वळला तेव्हा टिश्यू खिशात होता.

"काका, हे पीठ कधीचं?"

"हिच्या हातचं आहे."

"ते कळलं. काकूंना सांगा, भाजणी खवट झालीय. असं पाहुण्यांपुढं ठेवू नये."

मी म्हणालो, "सांगतो."

बस ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं.

पोस्टमननं लांबूनच हात हलवून 'नो थँक यू' म्हटलं. 'स्मॉल वन' म्हणायला कुणी नव्हतं. 

मॅच सुरू झाली. मेडनहेडवाले रिकाम्या पोटी, हलके, आणि चिडलेले. पहिल्या हाफमध्ये सात गोल. चौथ्याला मी डावीकडं वळलो तेव्हा पाचवा उजवीकडून जात होता. बस ड्रायव्हरला एकदाच बॉल मिळाला, तर त्यानं सवयीनं आधी आरशात बघितल्यासारखं दोन्ही बाजूंना बघितलं, आणि तेवढ्यात बॉल गेला.

हाफ टाइमला पुणेकर माझ्यापाशी आला. घाम नाही, काही नाही.

"काका, वाईट वाटतं, पण आमच्या कमिटीचं बरोबरच आहे. हे शेवटचं."

"आमच्या गुरुवारची वेळ जाईल. टीमच राहणार नाही."

त्यानं सॉक्स वर ओढले. मग म्हणाला, "खरं सांगू? तुल्यबळ-बिल्यबळ हे लिहायला बरं दिसतं. राग वेगळाच आहे. गेल्या वर्षी दोनदा आलो. तुम्ही पाणीसुद्धा विचारलं नाहीत. काकू बाहेर फिरकल्या नाहीत. आमच्या लोकांना वाटलं, सहा वर्षं त्या बाईंच्या हातचं खाल्लं, आणि आता आपण नकोसे झालो. आमचं काही चुकलं असेल तर सांगायचं होतं. आणि आज बोलावून हे खवट. हा अपमान नाही तर काय?"

बस ड्रायव्हर मागून म्हणाला, "सांग की रे त्यांना."

स्लाऊत सगळ्यांना माहीत होतं. मेडनहेडला सांगायचं राहून गेलं, असं मी चौदा महिने स्वतःला सांगत होतो. राहून काही गेलं नव्हतं. जगात एक टीम अशी होती की तिच्या लेखी ही किचनमध्येच होती, फक्त रुसून बसलेली. ते मला मोडवत नव्हतं.

"गेली ती," मी म्हणालो. "गेल्या वर्षी तुम्ही आलात, त्याच्या आधीच. ते पीठ तिचंच. शेवटचं. खवट झालं असेल, मला कळत नाही त्यातलं."

  पुणेकरानं वळून आपल्या लोकांना इंग्रजीत सांगितलं. ते पाच जण एकदम अटेन्शनमध्ये उभे राहिले, का ते त्यांनाही कळलं नसावं. पोस्टमन माझ्याकडं आला. माझा हात हातात घ्यायला गेला, पण मी गोलकीपरचे हातमोजे घातलेले, त्यामुळं त्यानं नुसताच हातमोजा हलवला, बराच वेळ. नंतर खिशातून टिश्यू काढून नाक शिंकरलं.

रेफरी घड्याळात बघत होता. बिचारा भाड्यानं आणलेला, त्याला कशाचा पत्ता नाही.

बस ड्रायव्हर माझ्या कानात म्हणाला, "मेलो. आता हे दया दाखवणार. बॉल आणून पायात ठेवतील बघ."

आणि तसंच झालं. दुसरा हाफ सुरू झाल्या झाल्या पुणेकर बॉल घेऊन माझ्यासमोर आला, मध्ये कुणी नाही, आणि थांबला. बॉलवर पाय ठेवून उभा. तोंडावर तेच भाव, जे ही गेल्यावर माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर होते. लेक, जावई, डॉक्टर, दुधाच्या दुकानातली बाई. सगळे माझ्यासमोर असेच बॉलवर पाय ठेवून उभे.

"मार की," मी म्हणालो.

"काका, असू द्या..."

"अरे मार! बोलावलंय कशाला तुला? खेळायला आलास का सांत्वनाला? सांत्वनाला यायचं तर मिनीबस कशाला आणली?"

त्यानं मारला. माझ्या दोन पायांमधून गेला. आठ.

"हां," मी म्हणालो. "असं."

मग त्यांना लाज राहिली नाही. नऊ, दहा, अकरा. पोस्टमननं दोन मारले आणि तिसऱ्याच्या वेळी पळाला म्हणून शिट्टी खाल्ली. मी ओरडत होतो, शिव्या देत होतो, माझ्याच टीमला आणि त्यांच्याही. चौदा महिन्यांत मी एवढा बोललो नव्हतो. घसा बसला. कुंपणापलीकडच्या बायका पिकलबॉल सोडून बघायला लागल्या.

त्या जावयाच्या कॉलेजांबद्दल माझं आता असं मत आहे. तगड्यानं शेजारच्या दुबळ्याला जरूर बोलवावं. पण बोलावलं की हात राखून खेळू नये. हात राखला की दुबळा खेळाडू राहत नाही, पेशंट होतो. आणि दुबळ्यानं कशाला जावं? तर शनिवारी किंवा गुरुवारी कुठंतरी जायला लागतं म्हणून. याहून मोठं कारण मला तरी सापडलेलं नाही. जावई म्हणेल, बाबांनी निकाल फिरवला. फिरवला. निकाल माझा आहे.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा पुणेकर म्हणाला, "पंधरा-शून्य."

"चौदा," बस ड्रायव्हर म्हणाला.

"अहो, पंधरा. मी मोजलेत."

"शेवटचा तू पळत मारलास. मोजायचा नाही."

"मी पळालो? मी आयुष्यात नियम मोडलेला नाही!"

"दोन्ही पाय एकदम हवेत होते तुझे. तीस वर्षं बस चालवली मी, कोण चालतंय नि कोण बस पकडायला पळतंय हे मला लांबून कळतं."

रेफरीला विचारलं तर त्याचं लक्ष नव्हतं, तो घड्याळाकडं बघत होता की आणखी कुठं कुणास ठाऊक. पोस्टमन प्रामाणिकपणे म्हणाला की थोडंसं पळाल्यासारखं वाटलं. झालं, पुणेकर स्वतःच्या टीमवर घसरला. कार पार्कात अर्धा तास भांडण. मिनीबसच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. मी बसलेल्या घशानं सांगत होतो की गोल माझ्या गोलात गेला, तेव्हा किती गेले ते मला विचारा, आणि चौदाच गेले. खरं तर नवव्यानंतर मी मोजणं सोडलं होतं.

पुणेकराचे कान लाल झाले होते. सॉक्स खाली आले होते. त्यानं मिनीबसच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि माझ्याकडं बोट करून म्हणाला, "चौदा तर चौदा. पुढच्या वेळी तो पंधरावा मी चालत मारून दाखवतो. कमिटी गेली खड्ड्यात. तारीख सांगा."

आमच्या घरी तारखा ही ठरवायची. मी आपला कुठल्या तरी गुरुवारचा आकडा सांगितला. बस ड्रायव्हर म्हणाला, त्या दिवशी त्याची गुडघ्याची अपॉइंटमेंट आहे. मी म्हणालो, गुडघे नवेच आहेत तुझे, दुसरा दिवस घे. पुणेकरानं डायरी काढून लिहून घेतलं.